विज्ञानकथा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीसेक वर्षं विज्ञानकथा वाचतेय हे लोकांना एकदा कळलं की प्रश्न यायला लागतात, आणि थोड्याफार फरकाने ते तेच असतात. दर वेळी नव्याने टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत. सालं आणि आकडे सोडले तर बाकी माझी मतं आहेत, तेव्हा भांडायला मोकळीक आहे. जिथे गोष्टीचा शेवट सांगावाच लागला, तिथे आधी सावध केलंय.

१. विज्ञानकथा म्हणजे नेमकं काय? गोष्टीत रोबो किंवा अंतराळयान असलं की झालं ना?

नाही. यानाच्या जागी गलबत ठेवून बघा. गोष्टीचं काहीच बिघडलं नाही, तर ती दर्यावर्दी साहसाची गोष्ट आहे. वाईट नाही, पण विज्ञानकथाही नाही.

माझी कसोटी घरगुती आहे: लेखकाला एक थाप माफ. माणूस अदृश्य झाला म्हणा, मी हुज्जत घालणार नाही. पण त्या थापेपायी पुढे जे जे घडेल त्याचा हिशोब त्याने द्यायचा, आणि हिशोब जुळेना म्हणून मधेच दुसरी थाप मारायची नाही.

आयझॅक असिमॉव्हची १९४१ सालची ‘नाइटफॉल’ घ्या. थाप अशी, की एका ग्रहाला सहा सूर्य आहेत आणि तिथे दोन हजारांहून जास्त वर्षांतून एकदाच अंधार पडतो. आता हिशोब बघा. दिवाबत्तीच्या बाबतीत तिथली माणसं अगदीच अडाणी आहेत, कारण गरजच पडली नाही. तारे त्यांनी पाहिलेले नाहीत. सहा सूर्यांच्या ओढाताणीमुळे गुरुत्वाकर्षणाचा नियम त्यांना फार उशिरा, फार घाम गाळून सापडलाय. एक खगोलशास्त्रज्ञ तर म्हणतो, की एकच सूर्य आणि त्याचा एकच ग्रह असता तर हा नियम किती सोपा दिसला असता! पण अशा ग्रहावर जीवसृष्टी कशी असेल, निम्मा वेळ तर अंधारच. तो आपल्याबद्दल बोलतोय. हे असं काही सुचतं ते हिशोब शेवटच्या पैपर्यंत केला तरच.

२. मग फॅण्टसी आणि विज्ञानकथेत फरक काय? दोन्हीकडे थापाच की.

फॅण्टसीतल्या जगाला तुम्ही कोण आहात ते माहीत असतं. तलवार योग्य हातात आल्यावरच चमकते, शाप नाव घेऊन लागतो. विज्ञानकथेतला नियम कुणाला ओळखत नाही. राजपुत्र असो की हमाल, यानातली हवा संपली की दोघंही सारखेच गुदमरतात. सीमारेषेवरची उदाहरणं प्रश्न १३ आणि १५ मध्ये आहेत.

३. आजवर एकही वाचलेली नाही. सुरुवात कुठून करू?

कथांपासून. जाडजूड कादंबरीपासून सुरुवात करणारे निम्मे लोक परत फिरकत नाहीत, असा माझा अनुभव आहे. या प्रकाराची खरी ताकद कथेतच आहे: एक कल्पना, वीस पानं, संपलं.

मी सहसा तीन कथा देते. वर सांगितलेली ‘नाइटफॉल’. असिमॉव्हचीच १९५६ सालची ‘द लास्ट क्वेश्चन’. ती अर्ध्या तासात वाचून होते आणि डोक्यातून काही केल्या जात नाही. आणि डॅनियल कीजची १९५९ सालची ‘फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन’. हिची १९६६ साली कादंबरी झाली, पण आधी कथाच वाचा. मराठीतून सुरुवात करायची असेल तर प्रश्न ११ बघा.

४. माझं विज्ञान दहावीनंतर सुटलं. झेपेल का?

झेपेल. गणित लेखकाने करायचं असतं, आपण फक्त त्याचे परिणाम भोगणाऱ्यांच्या मागे मागे जायचं.

विज्ञानाच्या बाबतीत सगळ्यात कडक समजल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांत हाल क्लेमंटची ‘मिशन ऑफ ग्रॅव्हिटी’ येते. ती १९५३ साली मासिकातून क्रमशः आली होती. त्यातल्या ग्रहावर विषुववृत्तापाशी पृथ्वीच्या तिप्पट गुरुत्व आहे आणि ध्रुवाकडे ते शेकडो पट वाढत जातं. तिथले दर्यावर्दी सुरवंटासारखे, जेमतेम हातभर लांबीचे आणि जमिनीला चिकटून राहणारे. त्यांना उंचीची विलक्षण धास्ती असते, कारण त्यांच्या मुलखात वीतभर उंचीवरून पडणं म्हणजे मरण. डोक्यावर काही धरलं तरी त्यांचा जीव जातो. ही धास्ती कळायला सूत्र लागत नाही.

५. जगातली पहिली विज्ञानकथा कोणती?

मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’, १८१८. त्याआधीच्या चंद्रसफरींच्या गोष्टी दाखवून लोक वाद घालतात, घालू देत. मला ती पहिली वाटते कारण तिच्यातला मुडदा मंत्राने उठत नाही, कुणीतरी अभ्यास करून उठवतो, आणि मग त्याची जबाबदारी टाळतो. जाता जाता: फ्रँकेन्स्टाइन हे शास्त्रज्ञाचं नाव आहे. त्या प्राण्याला बिचाऱ्याला नावच नाही.

६. कथेतलं विज्ञान चुकीचं निघालं तर ती बाद समजायची का?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. उत्तर: कुठे चुकलं त्यावर आहे.

ज्यूल व्हर्नने १८६५ साली तीन माणसांना तोफेतून चंद्राकडे उडवलं. तोफ ९०० फूट लांब, म्हणजे पावणेतीनशे मीटर. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेग लागतो. तो एवढ्याशा नळीत गाठायचा, तर आतल्या माणसांवर पृथ्वीच्या गुरुत्वाच्या वीस हजार पटींहून जास्त जोर येतो. साठ किलोचा माणूस त्या क्षणी बाराशे टनांचा. व्हर्नने धक्का शोषायला तळाशी पाणी भरलं होतं. त्याने काय होणार, चटणीच. पण तोफ ही त्याची माफीची थाप आहे, ती मी सोडून देते. बाकी हिशोब त्याने मन लावून केलाय. चंद्र डोक्यावर येईल अशा अक्षांशावरूनच बार काढायला हवा, म्हणून तो फ्लोरिडा गाठतो. शंभर वर्षांनी चंद्राकडे जाणारी माणसं निघाली तीही फ्लोरिडातूनच.

खरी गंमत पुढच्या भागात आहे. प्रवासात एक कुत्रा मरतो, त्याला बाहेर टाकतात, आणि तो मागे न पडता यानाच्या बरोबरीने तरंगत येत राहतो. अगदी बरोबर! मात्र आतली मंडळी पृथ्वीवर असल्यासारखी पाय टेकून उभी असतात. वजन हरपतं ते फक्त पृथ्वी आणि चंद्राची ओढ सारखी होते त्या एका जागी. जो नियम कुत्र्याला तोच माणसांना. उत्तर खिडकीबाहेर तरंगत होतं आणि व्हर्नला दिसलं नाही. ही चूक मी आठवणीने सांगते, पण पुस्तक बाद करत नाही. त्याने हिशोब मांडला होता, बेरीज चुकली.

एच. जी. वेल्सचं उलट. १८९७ सालच्या ‘द इनव्हिजिबल मॅन’वर ठरलेला आक्षेप असा, की प्रकाश आरपार जाणारा डोळा बघणार कसा? दृष्टिपटलाने प्रकाश अडवायला नको? वेल्सला हे ठाऊक होतं. प्रयोगातली मांजर अदृश्य होते तेव्हा तिच्या डोळ्यांचे दोन ठिपके मागे उरतात, आणि नायकाच्या डोळ्यांमागेही धुक्याहून पुसट असं काहीतरी शिल्लक राहतं. पुढचा हिशोबही चोख आहे. अंगावर कपडा घातला की सोंग उघडं पडणार, म्हणून भर थंडीत उघडं हिंडायचं. खाल्लेलं अन्न पचेपर्यंत लोकांना दिसत राहतं. पापण्याही पारदर्शक, त्यामुळे दिवसा झोपताना डोळ्यांवर चादर ओढून घ्यावी लागते. ती चादर मला अदृश्य करणाऱ्या रसायनापेक्षा मोठी वाटते.

हल्लीचं उदाहरण अँडी वीअरच्या ‘द मार्शन’चं. मंगळावरची हवा आपल्या हवेच्या एक टक्क्याहूनही विरळ आहे, त्यामुळे यान कलंडवणारं वादळ तिथे होऊच शकत नाही. हे लेखकानेच कबूल केलंय. पण ही थाप तो सुरुवातीलाच मारतो, आणि नंतर बटाटे, पाणी, ऑक्सिजन यांचा वाण्यासारखा हिशोब ठेवतो. चालतं. तेच वादळ शेवटच्या प्रकरणात नायकाला वाचवायला आलं असतं, तर पुस्तक भिंतीवर आपटलं असतं.

७. विज्ञानकथा भविष्य अचूक सांगतात म्हणे. मग आर्थर क्लार्कने उपग्रह आधीच सांगितले होते ना?

सांगितले होते, पण कथेत नाही. १९४५ सालच्या ऑक्टोबरात एका तांत्रिक मासिकात त्याचा लेख आला. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांतून जगभर संदेश पोचवता येतील असा तो हिशोब होता. पहिला भूस्थिर उपग्रह १९६४ साली गेला. म्हणजे भाकित खरं ठरलं ते अभियंता म्हणून.

कथाकारांची भाकितं काढून बघा, केविलवाणी असतात. असिमॉव्हच्या दीर्घिकाभर पसरलेल्या साम्राज्यात लोक सिगार ओढत बसतात आणि वर्तमानपत्रं वाचतात. विल्यम गिब्सनची ‘न्यूरोमॅन्सर’ १९८४ची. संगणकांच्या जाळ्यात शिरणाऱ्या माणसांची ती कादंबरी त्याने टाइपरायटरवर लिहिली. तिच्यात नायक चालत जाताना ओळीने लावलेले सार्वजनिक फोन एकामागून एक वाजत जातात. थरारक प्रसंग आहे! खिशातला फोन मात्र त्याला सुचला नाही.

मला याचं काही वाटत नाही. भविष्य सांगायला पंचांगवाले आहेत. विज्ञानकथा ‘असं होईल’ म्हणत नाही, ‘असं झालं तर कुणाला काय भोगावं लागेल’ एवढंच विचारते.

८. यंत्रमानवांचे तीन नियम आहेत ना? तेच आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला घालून का देत नाहीत?

ज्या कथांतून ते नियम आले त्या वाचल्या असत्या तर हा प्रश्न पडला नसता. रागावू नका, पण हे खरंय. ते नियम कसे फसतात हाच त्या कथांचा विषय आहे.

नियम असे: माणसाला इजा करायची नाही, आणि डोळ्यांदेखत होऊही द्यायची नाही, पहिल्याला बाध येत नसेल तर माणसाची आज्ञा पाळायची, आधीच्या दोन्हींना बाध येत नसेल तर स्वतःला जपायचं. तिन्ही एकत्र पहिल्यांदा आले ते असिमॉव्हच्या १९४२ सालच्या ‘रनअराउंड’मध्ये. (इथून शेवट फुटतो.) बुध ग्रहावर दोन माणसं स्पीडी नावाच्या यंत्रमानवाला सेलेनियम आणायला धाडतात. आज्ञा सहज, जाता जाता दिलेली. त्यामुळे दुसऱ्या नियमाचा जोर कमी. स्पीडी महागडा, म्हणून त्याचा तिसरा नियम मुद्दाम कडक केलेला. सेलेनियमच्या डबक्यापाशी त्याला धोका असतो. जवळ गेला की जीव जपायची ऊर्मी मागे ढकलते, लांब आला की आज्ञा पुढे ढकलते. दोन्ही जिथे समसमान होतात तिथे तो गोल गोल फिरत बसतो, दारू प्यायल्यासारखी गाणी म्हणत. सुटका कशी होते? एक माणूस उन्हात जाऊन स्वतःचा जीव धोक्यात घालतो, तेव्हा पहिला नियम जागा होतो.

स्पीडी नियम मोडत नाही. तो तिन्ही नियम पाळतो म्हणूनच अडकतो.

आणि ‘रोबो’ हा शब्द असिमॉव्हचा नाही. तो कारेल चापेकच्या १९२० सालच्या चेक नाटकातून आला आणि चापेकला तो त्याच्या भावाने सुचवला होता. त्या नाटकातले रोबो लोखंडाचेही नाहीत, कृत्रिम मांसाचे आहेत.

९. कालप्रवासाच्या गोष्टींत हमखास घोळ असतो. त्या कशा वाचायच्या?

आपली थाप कोणत्या जातीची आहे ते लेखकाने ठरवलंय का, तेवढं बघायचं. एक जात: काळ बदलता येत नाही, तुम्ही मागे जाऊन जे कराल ते आधीच घडलेलं असतं. रॉबर्ट हाइनलाइनची १९५९ सालची ‘ऑल यू झॉम्बीज’ या जातीची, आणि तिची वीण एवढी घट्ट आहे की कागद पेन्सिल घेऊन बसावं लागतं. दुसरी जात: बदल करता येतो आणि तो महागात पडतो. रे ब्रॅडबरीने १९५२ साली एक फुलपाखरू चिरडून हे दाखवलं. तिसरी: बदल झाला की जगालाच वेगळी फांदी फुटते. मराठीतलं तिचं उत्तम उदाहरण प्रश्न ११ मध्ये आहे.

घोळ होतो तो पहिल्या जातीत सुरुवात करून अडचण आली की दुसरीत उडी मारल्यावर. ती दुसरी थाप.

काही चौकस लोक विचारतात, की पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने पळतेय, मग तासभर मागे गेलेला माणूस एक लाख किलोमीटर लांब पोकळीत पडायला नको का? हवा. वेल्सपासून बहुतेक सगळे याकडे काणाडोळा करतात आणि आपणही करायचा, नाहीतर या प्रकारातली एकही गोष्ट पहिल्या पानापुढे जाणार नाही. माझ्या नियमाला हा एक सरसकट अपवाद.

१०. सगळी पात्रं पुठ्ठ्याची असतात. माणसांबद्दल काही लिहितात का हे लोक?

तक्रार निम्मी खरी आहे. क्लार्कची ‘रांदेव्हू विथ रामा’ (१९७३) मला प्रिय, पण तिच्यातल्या कप्तानाची ओळख सांगा म्हटलं तर मला दोन वाक्यांपलीकडे जमणार नाही. लक्षात राहतं ते परक्यांचं यान, ५० किलोमीटर लांबीचं रिकामं नळकांडं: चार मिनिटांत एक फेरा घेणारं, आतल्या भिंतीवर समुद्र बाळगणारं. तिथे नायक तेच आहे. अशा पुस्तकात माणसांचे स्वभाव शोधणं म्हणजे नकाशात कविता शोधणं.

उरलेली निम्मी तक्रार मात्र वाचन कमी पडल्याची. ‘फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन’ बघा. मंदबुद्धी चार्लीची शस्त्रक्रिया होते आणि त्याची बुद्धी वाढत जाते. सगळी गोष्ट त्याच्या रोजनिशीतून येते. सुरुवातीला प्रत्येक ओळीत शुद्धलेखनाच्या चुका. मग त्या कमी होतात. मग एके दिवशी त्याला विरामचिन्हं सापडतात आणि तो खुळ्यासारखा सगळीकडे टाकत सुटतो. पुढे वाक्यं लांब, रेखीव, गर्विष्ठ होतात. (शेवट नको असेल तर थांबा.) आणि मग एका नोंदीत पुन्हा एक लहानशी चूक दिसते. चार्लीला ती दिसत नाही, आपल्याला दिसते. त्या एका चुकलेल्या अक्षराला मी दर वेळी रडते.

उर्सुला ली ग्विनच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मध्ये (१९६९) माणसांना कायमचं लिंग नाही, महिन्यातले काही दिवस ती पुरुष किंवा स्त्री होतात. हिशोब असा, की राजालाच दिवस जातात आणि कुणाला त्यात नवल वाटत नाही. नवल वाटतं ते परक्या पाहुण्याला. त्या अवघडलेल्या पाहुण्यासाठी कादंबरी वाचा.

११. मराठीत वाचण्यासारखं आहे का काही?

आहे, आणि ‘मराठीतही आहे बरं का’ अशा दयेने वाचायची गरज नाही. जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून. परीक्षकांवर नावाचं वजन पडू नये म्हणून. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं.

त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ मला सर्वांत आवडते. विश्वासरावांना गोळी लागली नाही, ती चाटून गेली, एवढी एकच थाप. बदलतो तो सगळा इतिहास, आणि त्यात हरवलेले इतिहासाचे प्राध्यापक. पुराव्यादाखल उरतं बखरीचं एक फाटकं पान. पानिपत मराठी माणसाच्या किती आत रुतलंय हे ठाऊक असलेल्यालाच ही थाप सुचावी. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांचेही कथासंग्रह मिळतील तिथून घ्या. लोंढ्यांची ‘दुसरा आइनस्टाईन’ सोडू नका. शाळकरी वाचकाला भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न द्यावा.

तक्रारही सांगते. मराठी विज्ञानकथेत एक शास्त्रज्ञ काका असतात. ते कथेच्या ऐन भरात खुर्ची ओढून बसतात, भाचा ‘म्हणजे काय, काका?’ विचारतो, आणि पुढची दोन पानं तासिका. वाचकाला शहाणं करायची ही हौस आवरली असती तर कित्येक चांगल्या कल्पना वाचल्या असत्या.

१२. मूळ इंग्रजीतून वाचू की भाषांतर?

‘मूळ इंग्रजी’ म्हणताना ते मूळ आहे का तेवढं बघा. स्तानिस्लाव लेमची ‘सोलारिस’ १९६१ सालची, पोलिश. तिचं अनेक वर्षं एकमेव असलेलं इंग्रजी भाषांतर फ्रेंच भाषांतरावरून केलेलं होतं, आणि लेम त्यावर नाखूश होता. पोलिशमधून थेट इंग्रजी यायला २०११ उजाडलं. लिऊ त्सिशिनच्या ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’चं इंग्रजी रूप सांस्कृतिक क्रांतीच्या प्रसंगांनी सुरू होतं, चिनी पुस्तकात ते मधे आहेत. इंग्रजीत ते पुढे आणलेत, आणि मला ते पटतं.

मराठी भाषांतर घेताना मधलं एखादं पान उघडून बघा. माझ्याकडे एक आहे ज्यात नायक ‘तीन प्रकाशवर्षांनी’ घरी परततो. प्रकाशवर्ष हे अंतर आहे हो! मग तो किती वर्षांनी परतला, ते अजून कळलेलं नाही.

१३. ‘ड्यून’मध्ये तर भविष्यवाणी, तारणहार, सरदार घराणी सगळं आहे. ती विज्ञानकथा कशी?

कारण ती भविष्यवाणी बनावट आहे. फ्रँक हर्बर्टच्या या १९६५ सालच्या कादंबरीत एक पंथ ग्रहाग्रहांवर आधीच दंतकथा पेरून ठेवतो. पुढेमागे आपल्यापैकी कुणी तिथे अडकलं तर त्या कामी याव्यात म्हणून. नायकाला जी श्रद्धा मिळते ती पिकवलेली आहे, हे त्याला माहीत असतं. प्रश्न २ मधल्या कसोटीने बघितलं तर तिथल्या जगाला तो कोण हे माहीत नाही, लोकांना तसं शिकवून ठेवलंय. शिवाय पाणी. घामाचा, श्वासाचा, मेलेल्या माणसाच्या अंगातल्या पाण्याचासुद्धा त्या वाळवंटात हिशोब आहे. पुढच्या भागांत दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या थापा येतात. मी दुसऱ्या पुस्तकानंतर थांबा म्हणते.

१४. असिमॉव्हची ‘फाउंडेशन’ मालिका कथेच्या कालक्रमाने वाचू की प्रकाशनाच्या?

प्रकाशनाच्या. १९५१, १९५२ आणि १९५३ची तीन पुस्तकं, आणि मग मोठा श्वास. चौथं थेट १९८२चं आहे. १९८८चं ‘प्रील्यूड’ आधीच्या काळातलं असलं तरी शेवटाकडे ठेवा. ते आधी वाचलंत तर पहिल्या पुस्तकातलं सगळं गूढ तुम्हाला आधीच माहीत असेल. घाई असेल तर पहिली तीन पुरेत.

१५. ज्यात विज्ञान अजिबातच नाही अशी विज्ञानकथा असू शकते का?

अवघड जागेचं दुखणं. फिलिप के. डिकच्या ‘द मॅन इन द हाय कॅसल’मध्ये (१९६२) दुसरं महायुद्ध जर्मनी आणि जपान जिंकलेत. यंत्र नाही, प्रयोग नाही. तरी तिला ह्यूगो हा विज्ञानकथांचा मानाचा पुरस्कार मिळाला. मी तिला आत घेते, कारण एक थाप आणि पुढे हिशोब.

खरी पंचाईत ऑक्टेव्हिया बटलरच्या ‘किंड्रेड’ची (१९७९). १९७६ सालातली एक कृष्णवर्णीय तरुणी पुन्हा पुन्हा गुलामगिरीच्या काळात खेचली जाते. कसं, ते कधीच सांगितलेलं नाही, आणि बटलर स्वतः तिला विज्ञानकथा म्हणत नसे. पण खेचलं जाणं ही एवढी एकच गोष्ट सोडली तर पुढे कुठे सूट नाही: तिथे अंगावर उठलेले वळ इथे आल्यावरही अंगावर असतात, आणि शेवटी एक हात तिथेच राहतो. माझ्या कपाटात ती विज्ञानकथांच्याच फळीवर आहे.

१६. हे पुरुषांचं वाचन आहे, नाही का?

जेम्स टिप्ट्री ज्युनियर नावाचा एक कथाकार होता, कुणी न पाहिलेला. हे लेखन पुरुषाचंच असणार, बाईला असं लिहिता येणार नाही, असं एका नामवंत लेखकाने १९७५ साली छापून सांगितलं. १९७७ साली कळलं, की टिप्ट्री म्हणजे ॲलिस शेल्डन. माझं उत्तर एवढंच. ‘द विमेन मेन डोन्ट सी’ ही तिचीच कथा, १९७३ची.

१७. परग्रहवासी दर वेळी माणसासारखेच का असतात?

चांगल्या पुस्तकांत नसतात. ‘सोलारिस’मध्ये समोर एक समुद्र आहे, बहुधा जिवंत, त्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथ लिहून झालेत, आणि कळलेलं काहीच नाही. स्त्रुगात्स्की बंधूंच्या ‘रोडसाइड पिकनिक’मध्ये (१९७२) परके येऊन गेले, आपल्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. सहलीला आलेले लोक गवतात रिकामे डबे, तेलाचे डाग सोडून जातात आणि मुंग्या त्याभोवती फिरत बसतात, तसे आपण. आपल्याशी युद्धदेखील करावंसं वाटलं नाही त्यांना! ही नामुष्की मला कुठल्याही हल्ल्यापेक्षा भयंकर वाटते.

१८. अर्ध्यात कंटाळा आला तर सोडू का?

सोडा. पन्नास पानं बास. फक्त सुरुवातीची दहा पानं शब्द कळत नाहीत म्हणून सोडू नका. परक्या जगात उतरल्यावर तेवढं बावचळायचंच असतं.

१९. तुमच्या ‘एक थाप’ नियमाला न जुमानणारी गोष्ट आहे का?

आहे, आणि ती मला वर्षानुवर्षं छळतेय: टॉम गॉडविनची ‘द कोल्ड इक्वेशन्स’, १९५४. (हिचा शेवट सांगितल्याशिवाय बोलताच येत नाही, तेव्हा वाचली नसेल तर आधी वाचून या.)

एक छोटं यान तापाची लस घेऊन निघालंय. सहा माणसांचे जीव त्यावर अवलंबून. इंधन नेमकं वैमानिकाच्या वजनापुरतं. कपाटात लपलेली अठरा वर्षांची मुलगी सापडते. भावाला भेटायचं म्हणून चढलेली. सापडलो तर दंड भरू, एवढाच तिचा अंदाज. तिच्या वजनाने यान उतरताना कोसळणार. तिला बाहेर जावंच लागतं, आणि ती जाते. गॉडविन तिला वाचवायच्या युक्त्या शोधत राहिला, आणि संपादक जॉन कॅम्पबेल हस्तलिखित परत पाठवत राहिले. माझ्या नियमाने पाहिलं तर ही आदर्श कथा: थाप एकच, हिशोब निर्दय, आणि नियमाला मुलीचं नाव माहीत नाही.

वर्षानुवर्षं मी ती नवख्या वाचकांना पहिली म्हणून देत असे. मग एका वाचनात दारावरची पाटी नजरेत अडकली. अनधिकृत व्यक्तींनी आत येऊ नये, एवढंच. कुलूप नाही. निघण्याआधी कपाट उघडून बघायची पद्धत नाही. राखीव इंधन शून्य. जिथे लपून बसणाऱ्याला मरणच ठरलेलं आहे, तिथे साधी कडी लावायची कुणाला सुचली नाही? गुरुत्वाकर्षणाचा हिशोब चोख आहे, पण ते यान बांधणाऱ्यांचा हिशोब गॉडविनने मागितलाच नाही. दुसरी थाप तिथे होती, दारातच, आणि समीकरणांच्या आड झाकली गेली होती.

आता ती कथा मी सगळ्यात शेवटी देते आणि वाचून झाल्यावर एवढंच विचारते, की कडीचा विचार कितव्या पानावर आला. बहुतेकांना तो मी विचारल्यावर येतो. मला अकरा वर्षं लागली होती.